डाव्या भकाळीवर मूठ ठेवून बघा

"डॉक्टर, गाय सकाळपासून वैरणीला तोंड लावेना."

असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "रवंथ करतेय का?" पलीकडे शांतता. मग कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज. "अगं, रात्री गाय रवंथ करत होती का?" आतून उत्तर येतं, "काय की, बघितलं नाही." दुसरा प्रश्न शेणाचा. तिथे जरा बरं उत्तर मिळतं, कारण शेण कुणीतरी उचललेलं असतं. तिसरा प्रश्न असतो, "डाव्या भकाळीवर मूठ ठेवून बघितली का?" त्यावर बहुतेक जण म्हणतात, "तुम्ही या की लवकर."

येतो. पण गोठ्यात पोचल्यावर मीही आधी तेच करतो. गाईच्या डाव्या अंगाला, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्यामध्ये जो खोलगट त्रिकोण दिसतो ती भकाळी. तिथे मूठ दाबून धरायची आणि दोन मिनिटं घड्याळ बघत उभं राहायचं. आतलं पोट हळूहळू वर येतं, मूठ बाहेर ढकलतं आणि परत खाली जातं. तब्येत ठीक असेल तर मिनिटाला एक-दोनदा ही लाट हाताला लागते. ती लागत नसेल, तर गावच्या भाषेत पोट बंद पडलं.

इथेच घोळ होतो. "पोट बंद" हे आजाराचं नाव धरून पोट सुरू करायचं औषध मागितलं जातं. खरं तर पोट दहा कारणांनी बंद पडतं आणि त्यातल्या निम्म्या कारणांना एकमेकांच्या उलट उपाय लागतात. कारण कोणतं हे पुष्कळदा त्या मुठीलाच कळतं. मूठ कणकेत रुतल्यासारखी रुतली तर एक गोष्ट, नगाऱ्यावर आपटल्यासारखी परत आली तर दुसरी, आणि पाणी भरलेली पखाल हलवल्यासारखं आत डुचमळलं तर तिसरी. हे का होतं ते समजून घ्यायला आधी पोटात डोकवावं लागेल.

गाईला चार पोटं असतात असं शाळेत शिकवतात. खरं पोट एकच, त्याचे कप्पे चार. त्यातला पहिला कप्पा म्हणजे कोटीपोट. हे प्रकरण अवाढव्य असतं. मोठ्या संकरित गाईत ते शंभर लिटरच्या पुढे भरतं आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापून बसतं. म्हणून मूठ डावीकडे ठेवायची. गंमत अशी की एवढ्या मोठ्या पोटात गाईचा स्वतःचा एक थेंबही पाचकरस नसतो. कडबा पचवायची ताकद गाईत नाहीच. ते काम तिने कोटीपोटातल्या जिवाणूंना दिलेलं आहे. त्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली तुरुतुरु पळणारे एकपेशीय जीव असतात. फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफाँ या दोघांनी ते पहिल्यांदा पाहिले, १८४३ साली.

हे जिवाणू कडबा, गवत, पेंड आंबवतात. आंबवताना आम्लं तयार होतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि त्यावरच गाय जगते, दूध देते. धाग्याच्या वैरणीपासून प्रामुख्याने अॅसेटिक आम्ल बनतं, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच. दुधातली फॅट मोठ्या प्रमाणात त्यातून येते. म्हणजे गव्हाणीत आपण जे टाकतो ते गाईच्या आधी या जिवाणूंच्या तोंडी जातं. गाय पाळणं म्हणजे तिच्या पोटातला हा कारखाना पाळणं आहे.

त्या कारखान्याला दोन गोष्टी सारख्या लागतात. पहिली लाळ. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. हा आकडा ऐकून लोक हसतात, पण खरा आहे. या लाळेत खायच्या सोड्यातलाच क्षार असतो. हिशेब केला तर दिवसाला किलोभराहून जास्त सोडा गाय स्वतःच तयार करून पोटात सोडते आणि तयार होणारी आम्लं मारते. ही लाळ सुटते ती चघळताना. दिवसातले सात-आठ तास गाय रवंथ करते, एकेक घास पन्नास-साठ वेळा चावते. रवंथ थांबला की लाळ आटली आणि लाळ आटली की पोट आंबट झालं. म्हणून तो पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट ढेकर. आंबवताना वायू तयार होतो, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन. खाणं झाल्यावर तर तासाला ३०-४० लिटर. तो सगळा तोंडावाटे बाहेर पडायला हवा. मुठीला जी लाट लागते तीच आतला माल घुसळते, तीच घास परत तोंडात पाठवते आणि तीच ढेकर काढते. लाट थांबली की तिन्ही कामं थांबली.

आता पखालीकडे येऊ, कारण माझ्या मते दुधाच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो.

आमच्याकडे बेंदूर, मराठवाड्या-विदर्भाकडे पोळा. सणाच्या दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरला उसंत नसते. बैलाला पुरणपोळी, गाईला पुरणपोळी, शेजारच्या घरातूनही नैवेद्य. लग्नसराईत उरलेला भात, बुंदी, चपात्या पाटीभर आणून गव्हाणीत ओतल्या जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्री दावं सुटतं, गाय खोलीतल्या मकाभरड्याच्या पोत्यापर्यंत जाते आणि सकाळी पोतं निम्मं झालेलं असतं.

पीठ आणि साखर कडब्यासारखी हळूहळू आंबत नाहीत. ती मिळाली की कोटीपोटातले काही ठरावीक जिवाणू भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल ओततात. हे नेहमीच्या आम्लांपेक्षा कितीतरी तीव्र. कोटीपोटाचा सामू, म्हणजे पीएच, एरवी सहा ते सातच्या दरम्यान असतो. आकडा जितका खाली तितकं पोट आंबट. तो पाचाच्या खाली गेला की धागा पचवणारे जिवाणू मरतात, लाट थांबते. आत आम्ल इतकं दाटतं की ते अंगातलं पाणी पोटात ओढून घेतं. म्हणून पोट डुचमळतं आणि गाय मात्र आतून सुकते. डोळे खोल जातात, शेण पातळ, आंबूस वासाचं, त्यात मक्याचे दाणे तसेच. चालताना झोकांड्या जातात. दुसऱ्या दिवशी गाय बसते आणि मान पोटाकडे वळवते. घरच्यांना वाटतं, कॅल्शियम कमी झालं. ताजी व्यायलेली असेल तर तसंही असू शकतं. दोन्हींत कान गार लागतात. पण रात्री पोतं फुटलं होतं हे कुणी सांगितलंच नाही, तर डॉक्टरचाही पहिला तास वाया जातो.

एका गोठ्यावर असंच झालं. गाय पडलेली, सगळे गप्प. मी तिसऱ्यांदा विचारलं, "काही वेगळं खाल्लं का?" तेव्हा म्हातारी आजी म्हणाली, "खाल्लं की. धाकल्यानं भरड्याचं पोतं उघडं टाकलं व्हतं." धाकटा मान खाली घालून उभा. त्याला कुणी रागावू नये म्हणून घरादाराने दोन तास ती गोष्ट लपवली होती. गाय वाचली. पण दीड महिन्याने तिचे खूर दुखायला लागले. तेही याच आम्लाचं देणं. पोटात आम्ल उसळलं की रक्तातून त्याचा परिणाम खुरांच्या आतल्या नाजूक थरापर्यंत पोचतो आणि कोटीपोटाच्या जखमी भिंतीतून जिवाणू यकृतात जाऊन गळवं करतात. खूर कापणारा वेगळा, पोटाचा डॉक्टर वेगळा, त्यामुळे हा धागा कुणी जोडत नाही.

दाणा खाल्ल्याचं कळलं तर गाय अजून धडधाकट दिसतेय म्हणून थांबू नका. लक्षणं काही तासांनी येतात, इलाज मात्र त्या आधीच सोपा असतो. गव्हाणीतला खुराक काढा, फक्त सुका कडबा ठेवा आणि डॉक्टरला किती किलो खाल्लं ते खरं सांगा.

हा झाला धडधडीत प्रकार. याचाच एक मुका भाऊ आहे. त्यात गाय पडत नाही, फोनही येत नाही, फक्त दूध संकलन केंद्राची पावती बदलते. गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, धरून लावतात. फॅट ३.५ ची ३.१ झाली की लोक मशिनवर शंका घेतात, केंद्रवाल्याशी भांडतात. मशिन कधीमधी चुकतही असेल. पण त्या आधी गोठ्यात एक नजर टाका. दुपारी गाई निवांत बसल्यात, त्यातल्या किती रवंथ करतायत? निम्म्याहून कमी असतील तर दोष पावतीचा नाही.

कारण साधं असतं. २० लिटरची गाय, तिला दूध वाढावं म्हणून खुराक वाढवला, वैरण महाग म्हणून कमी केली. वर वैरणीची कुट्टी इतकी बारीक केली की गाईला चावायला काही उरलंच नाही. चावणं कमी, लाळ कमी, सोडा कमी. पोट रोज थोडं आंबट राहतं. अॅसेटिक आम्ल घटतं, फॅट घसरते. कधी खाते, कधी नको म्हणते. शेण आज घट्ट, उद्या पातळ.

मी लोकांना एक उद्योग सांगतो, तो ऐकून घरातल्या बायका नाक मुरडतात. गाईचं मूठभर शेण जुन्या चाळणीत घ्या आणि नळाखाली धुवा. हिरवं पाणी निघून गेलं की खाली काय राहतं ते बघा. अख्खे मक्याचे दाणे, सरकीची टरफलं, बोटाच्या पेराएवढे वैरणीचे तुकडे दिसले तर तुमचे पैसे उकिरड्यावर चाललेत. शेणात साबणासारखे बुडबुडे दिसले तर जे कोटीपोटात आंबायला हवं होतं ते खाली आतड्यात आंबतंय. पाच मिनिटांची तपासणी, खर्च शून्य.

सोडा देऊ का, असं सगळे विचारतात. द्या, खुराक जास्त असेल तर दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खायचा सोडा आंबोणातून चालतो. पण सोड्याच्या जिवावर कडबा कमी करायचा हे म्हणजे छत्री आहे म्हणून छपराची कौलं विकण्यासारखं. खुराक एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर टाकू नका, दिवसातून तीन-चार वेळा विभागा, आणि आधी वैरण मग खुराक हा क्रम ठेवा. नवी पेंड, नवा मुरघास (खड्ड्यात दाबून मुरवलेला हिरवा चारा) चालू करायचा असेल तर दोन-तीन आठवडे घेऊन जुन्यात मिसळत जा. जिवाणूंची जुनी पलटण जाऊन नवी उभी राहायला तेवढा वेळ लागतोच.

नगाऱ्याची गोष्ट वेगळी आणि घाईची. पोटफुगीत डावी भकाळी पाठीच्या वर येते, टिचकी मारली की ढमढम वाजतं. गाय ऊठबस करते, पोटाला लाथा मारते, तोंड उघडून श्वास घेते. फुगलेलं कोटीपोट पुढे फुप्फुसांवर दाब देतं आणि जनावर गुदमरून मरतं. कधी तासाभरात.

पोटफुगी दोन तऱ्हेची. एकीत वायू मोकळा असतो, पण बाहेर पडायला वाट नाही. दुसरीत वाट मोकळी, पण वायू फेसात अडकलेला. पावसाळ्यात किंवा दव असताना कोवळा लसूणघास, बरसीम रिकाम्या पोटी भरपूर खाल्लं की फेस होतो. या चाऱ्यातली विरघळणारी प्रथिनं वायूचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात. हे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. काहिलीतला रस फसफसून वर यायला लागला की गुळव्या त्यात थोडं तेल टाकतो आणि फेस खाली बसतो. गाईला पोटफुगीत गोडं तेल पाजतात ते याचसाठी. तेलाने बुडबुडे फुटतात, वायू सुटा होतो, ढेकर येते. पाव लिटर ते तीनशे मिली खायचं तेल पुरतं. रॉकेल नको. टर्पेंटाइनही स्वतःच्या अंदाजाने नको.

मोकळ्या वायूच्या फुगीत तेलाचा उपयोग नाही. तिथे काहीतरी अडकलेलं असतं. उन्हाळ्यात आंब्याची कोय, एरवी बटाटा, बीट, मक्याचं कणीस. गाय मान लांब करते, लाळ गळते, पाणी नाकातून परत येतं. आणि इथे एक गोष्ट ठळक सांगतो. लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, म्हणून घशात हात घालायला धावू नका. पिसाळलेल्या जनावराचंही पहिलं लक्षण पुष्कळदा असंच दिसतं. कुत्रा चावल्याचं कुणी पाहिलेलं नसतं आणि घरातली चार माणसं तोंडात हात घालून मोकळी झालेली असतात. मग सगळ्यांना रेबीजची लस टोचून घेण्यासाठी दवाखान्याच्या फेऱ्या. हात कोणी घालायचा आणि कसा, हे डॉक्टरवर सोडा.

डॉक्टर येईपर्यंत गाय बसू देऊ नका. पुढचे पाय उंचावर, मागचे उतारावर असं उभं करा, म्हणजे वायू अन्ननलिकेच्या तोंडाशी येतो. तोंडात आडवी काठी लगामासारखी बांधली की ती चघळत राहते, लाळ सुटते, ढेकर यायला मदत होते. जुना उपाय आहे, पण बिनचूक कारणावर उभा आहे. अगदीच जीव जायची वेळ आली तर भकाळीतून ट्रोकार नावाची पोकळ सुई घालून वायू काढतात. फेसाच्या फुगीत मात्र त्या नळीतून नुसता फेस येतो आणि नळी तुंबते. "डॉक्टर, सुरी मारू का?" असं मला फोनवर विचारलेलं आहे. नका मारू.

कणकेसारखं पोट त्या मानाने गरीब. नुसतं भुसकट, वाळका कडबा आणि पाणी कमी, असं झालं की आतला माल सुकून गोळा होतो, मूठ दाबली की खळगा राहतो. पाणी, मीठ, पाचक औषधं, आणि फारच रखडलं तर निरोगी गाईच्या कोटीपोटातलं पाणी काढून नळीने आजारी गाईला पाजतात. दह्याला विरजण लावावं तसं. नवे जिवाणू गेले की एक-दोन दिवसांत लाट परत सुरू होते. मात्र आधी थर्मामीटर लावा. ताप असेल तर पोट बंद पडण्याचं मूळ कासेत, गर्भाशयात, फुप्फुसात कुठेही असू शकतं. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. शंभर-दोनशे रुपयांचं थर्मामीटर गोठ्यात हवंच. मोबाइलला स्क्रीनगार्ड लावतो त्याहून ते स्वस्त पडतं.

कधी कधी मूठ ठेवली की गाय कण्हते.

तेव्हा माझ्या मनात तार येते. कोटीपोटाच्या पुढे, त्याला लागूनच मधमाशीच्या पोळ्यासारखा जाळीदार कप्पा आहे. गाय निवडून खात नाही. तिला वरचे पुढचे दात नाहीत, जिभेने वैरणीची पेंढी ओढते आणि फारसं न चावता गिळते. त्यात जे जड असतं ते या जाळीत पडतं. मी या जाळीतून निघालेले खिळे, सुया, सेंट्रिंगच्या बाइंडिंग तारेचे तुकडे, हारातल्या तारा, नाणी पाहिली आहेत. मुरघासाच्या खड्ड्यावर वजनाला जुने टायर टाकतात. ते झिजले की आतल्या बारीक तारा मुरघासात गळतात. कुट्टी मशिनमध्ये एक तार गेली तर तिचे दहा टोकदार तुकडे होऊन बाहेर येतात, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

नाणं निमूट पडून राहतं. तार राहत नाही. हा कप्पा दर मिनिटाला जोरात आकसतो आणि आकसताना तारेला पुढे ढोसतो. पुढे छातीचा पडदा, त्याच्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. गाय एकाएकी दूध तोडते, पाठ कमानीसारखी करते, पुढचे कोपर अंगापासून दूर ठेवून उभी राहते. उतारावरून खाली यायला तयार नसते, कारण उतरताना सगळं पोट पुढे ढकललं जातं. निरोगी गाईच्या खांद्यामागे पाठीवर कातडी चिमटीत धरून दाबली की ती पाठ खाली घेते. अशी गाय घेत नाही. घेतली तर कण्हते. पुष्कळदा तार महिनोन्महिने आधीच गिळलेली असते आणि गर्भ मोठा झाला, वेणा आल्या, तेव्हा ती पुढे सरकते. मग घरचे म्हणतात, "वेत चांगलं झालं आणि गाईला नजर लागली."

उशीर झाला की मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरीसारख्या फुगतात, गळ्याखाली, पुढच्या पायांमध्ये पाणी उतरतं. तार हृदयापर्यंत पोचल्याची ती खूण. तिथून मागे आणणं फार अवघड. त्याआधी पोट उघडून तार काढता येते. म्हशींमध्ये तर याच तारेने छातीचा पडदा फाटून जाळीदार पोट छातीत घुसतं. व्यायल्यावर म्हैस सारखी सारखी फुगत असेल तर हे मनात धरावं.

या आजाराला एक उपाय आहे, तो इतका सोपा आहे की लोकांना खोटा वाटतो. बोटाएवढं लोहचुंबक. डॉक्टरकडून ते गाईला गिळवायचं. वजनाने ते सरळ जाळीदार कप्प्यात जाऊन बसतं आणि तिथेच जन्मभर राहतं. पुढे जी तार येईल ती त्याला चिकटते आणि टोचायची थांबते. शस्त्रक्रियेत बाहेर काढलेलं असं एक चुंबक मी पाहिलं होतं. साळिंदरासारखं दिसत होतं. एवढ्या तारा पोटात घेऊन ती गाय वर्षानुवर्षं दूध देत होती. प्लॅस्टिकला मात्र चुंबक नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी उकिरड्यावर चरणाऱ्या गाईंच्या कोटीपोटातून आजही पिशव्यांचा दोरखंडासारखा पिळलेला गोळा निघतो. तो कधी विरघळत नाही आणि खालीही जात नाही.

एक आजार असा की मूठ ठेवली तर हाताला कोटीपोट लागतच नाही. जास्त दुधाच्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, गाई आल्या तसा हा जास्त दिसायला लागला. चौथा कप्पा, म्हणजे गाईचं खरं पोट, उजवीकडे तळाशी असतं. व्यायल्यावर पोटात एकदम जागा रिकामी होते. त्याच वेळी गाय कमी खाते, कोटीपोट भरलेलं नसतं. अंगातलं कॅल्शियम दुधात गेल्याने पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात. खऱ्या पोटात वायू भरतो आणि ते फुग्यासारखं तरंगत कोटीपोटाच्या खालून डावीकडे वर येतं, बरगडी आणि कोटीपोट यांच्या मध्ये अडकतं. बहुतेक वेळा व्यायल्यापासूनच्या पहिल्या महिन्यात. गाय खुराकाला नको म्हणते, वैरण थोडीफार खाते. दूध निम्म्यावर, शेण थोडं आणि चिकट, तोंडाला गोडसर वास. बरगड्यांवर टिचकी मारून स्टेथोस्कोपने ऐकलं की रिकाम्या पितळी हंड्यावर मारल्यासारखा टण्ण आवाज येतो. एकदा ऐकला की विसरत नाही.

गाईला उताणी लोळवून ते जागेवर आणता येतं, पण पुष्कळदा परत सरकतं. टाके घालून बसवणं हाच टिकाऊ उपाय. खरी तजवीज मात्र व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत असते. गाभण गाय फार माजू द्यायची नाही, खुराक तेव्हापासूनच हळूहळू सुरू करायचा, व्यायल्यावर पहिल्या दिवशी तिच्यापुढे भरपूर चांगली वैरण आणि कोमट पाणी. हेच पोट उजवीकडेच फुगून पिळलं तर मात्र तासांचा खेळ. गाय झपाट्याने ढासळते.

हगवणीबद्दल थोडक्यात. मोठी गाय खाते-पिते, ताप नाही, पण महिनोन्महिने पातळ हगते आणि वाळत जाते. औषध दिलं की चार दिवस बरी, परत तेच. तेव्हा जंताच्या औषधामागून जंताचं औषध देत बसू नका, जोन्स आजाराची तपासणी करा. याचे जंतू क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद. लागण वासरू असताना शेणातून किंवा दुधातून होते आणि लक्षणं दोन-चार वर्षांनी दिसतात. बरा होत नाही. ओढ्याकाठी, पाणथळीत चरणाऱ्या गाईच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर चपट्या कृमींचा संशय घ्या. आणि पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत शिरून गाय मिनिटांत थरथरायला, धापा टाकायला लागली तर ती पोटफुगी नव्हे, किराळ आहे, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडची विषबाधा. त्यावर शिरेतून द्यायचं इंजेक्शन लागतं आणि तेही ताबडतोब.

राहिला पाजण्याचा विषय. हिंग, ओवा, ताक, सोडा, तेल, परवा एकाने सोडा वॉटरची बाटली. यातलं काही वाईट नाही, काही चांगलंही आहे. वाईट आहे ती पाजायची पद्धत. एक जण नाकपुडीत बोटं घालून मान आभाळाकडे करतो, दुसरा जीभ बाहेर ओढतो, तिसरा बाटली उलटी करतो. जीभ ओढून धरल्यावर गिळणार कशी? निम्मं औषध श्वासनळीत जातं. पोटाच्या दुखण्याने चार दिवसांत बरी झाली असती अशी गाय आठव्या दिवशी फुप्फुसाच्या सुजेने मेलेली मी पाहिली आहे. तेल यात सगळ्यात घातक, कारण ते फुप्फुसातून बाहेर येत नाही. पाजायचंच असेल तर मान जमिनीला समांतर, बाटली तोंडाच्या कोपऱ्यातून गालात, जीभ मोकळी, आणि घोट घोट. गाय खोकली की तत्क्षणी थांबायचं आणि मान खाली सोडायची. बसलेल्या, मान टाकलेल्या गाईला तोंडाने काहीही द्यायचं नाही.

परवाच्या फोनवर मी वहिनींना म्हटलं, "मी निघालोच आहे, पण तोवर मूठ ठेवा आणि फोन चालू राहू द्या." दोन मिनिटं नुसता गोठ्यातला आवाज, कुठेतरी वासरू हंबरत होतं. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एकदाच आलं, तेही बारीक. अन् हाताला आत पाणी हलल्यागत लागतंय."

"भरडा किती खाल्लाय ते आधी सांगा," मी म्हणालो.